बॉब डायलनची तीन पुस्तकं आणि आमच्या अंगणातला शाहीर

गेल्या गणपतीत माझा भाचा मुंबईहून आला तो गिटार घेऊनच आला. त्या दिवसांत कोकण रेल्वेला पाय ठेवायला जागा नसते, माणसं दरवाजात बसून येतात, आणि हा पोरगा रत्नागिरीपर्यंत ते गिटार मांडीवर धरून बसलेला. रात्री आरत्या झाल्या, प्रसाद वाटून झाला, माणसं अंगणात चटईवर पसरली, तेव्हा त्याने बॉब डायलनचं एक गाणं वाजवलं आणि मला विचारलं, "मामा, हा तर गाणी म्हणतो, मग याला साहित्याचं नोबेल कसं दिलं? याची पुस्तकं कुठायत?"

प्रश्न साधा वाटतो पण तसा नाहीये. त्या रात्री मी त्याला थोडंफार सांगितलं, नंतर बसून पुन्हा सगळं ऐकलं, वाचलं, आणि मला वाटतं याचं उत्तर कोकणातल्या माणसाला इतरांपेक्षा लवकर कळेल, कारण पुस्तक गाण्यात कसं उतरतं ते आपण लहानपणापासून अंगणात बघत आलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माहिती. डायलनचा जन्म २४ मे १९४१ चा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला, खरं नाव रॉबर्ट झिमरमन. १३ ऑक्टोबर २०१६ ला नोबेल जाहीर झालं, अमेरिकन गाण्याच्या मोठ्या परंपरेत त्याने काव्याच्या नव्या वाटा काढल्या असं कारण दिलं गेलं. जगभर वाद झाला, गाणं म्हणजे साहित्य का यावर लोक हिरीरीने भांडले, डायलन स्वतः सुरुवातीचे कितीतरी दिवस काही बोललाच नाही आणि १० डिसेंबरच्या समारंभालाही गेला नाही. पण नोबेलचा नियम असा की सहा महिन्यांच्या आत व्याख्यान द्यायचं, नाहीतर पैसे मिळत नाहीत, आणि रक्कम होती ८० लाख स्वीडिश क्रोनर. मुदत संपत होती १० जून २०१७ ला, याने ४ जूनला लॉस एंजेलिसमध्ये रेकॉर्ड करून ते पाठवलं. साधारण २७ मिनिटांचं आहे, मागे हळू पियानो वाजत असतो आणि हा आपल्या त्या खरखरीत आवाजात बोलत जातो. सुरुवातीलाच तो म्हणतो की बक्षीस मिळालं तेव्हा मलाच प्रश्न पडला, माझ्या गाण्यांचं आणि साहित्याचं नातं नेमकं काय? म्हणजे भाच्याचाच प्रश्न. त्याचं उत्तर म्हणून तो शाळेत वाचलेल्या तीन पुस्तकांबद्दल बोलतो, मेलव्हिलचं 'मोबी डिक', रेमार्कचं 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' आणि ग्रीक कवी होमरचं 'ओडिसी'.

पण पुस्तकांच्या आधी तो गाण्यांबद्दल बोलतो आणि बरेच लोक तो भाग सोडून देतात. १९५९ च्या जानेवारीत डायलन सतरा वर्षांचा होता तेव्हा त्याने बडी हॉली या रॉक गायकाला स्टेजवर बघितलं, त्यानंतर तीनच दिवसांनी हॉली विमान अपघातात गेला. त्याच सुमारास कुणीतरी त्याच्या हातात लेडबेली या जुन्या लोकगायकाची रेकॉर्ड दिली. तिथून तो जुन्या लोकगीतांत शिरला, खून करून पळालेले, बुडालेली जहाजं, तुरुंग, रेल्वे, फसवणूक झालेल्या बायका, सगळी सगळी गाणी त्याने गाऊन गाऊन पाठ केली आणि गाता गाता त्यांची बोली त्याच्या तोंडात बसली. आणि मग तो म्हणतो की बोली मला गाण्यांनी दिली, पण जगाकडे बघायची नजर शाळेतल्या पुस्तकांनी दिली. माझ्या मते हीच या सगळ्याची किल्ली आहे.

आता आमच्या घरातलं सांगतो. माझे आजोबा तुरेवाले शाहीर होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, रत्नागिरीकडे जाखडी म्हणून नाच आहे, मुंबईत त्यालाच बाल्या डान्स म्हणतात, मध्ये गाणारा आणि ढोलकीवाला बसतात आणि भोवती पायात चाळ बांधून पोरं गोल नाचतात. त्यात दोन पक्ष, शक्ती आणि तुरा. शक्तीवाले पार्वतीची थोरवी गातात, तुरेवाले शंकराची. आधी गण, मग गवळण, आणि मग खरी मजा म्हणजे सवाल-जवाब. एका शाहिराने पुराणातला काहीतरी अवघड प्रश्न गाण्यातून टाकायचा, समोरच्याने तो गाण्यातूनच सोडवायचा. भीष्म मागल्या जन्मी कोण होता आणि पृथ्वीवर का आला? आठवा वसू होता, बायकोच्या हट्टापायी वसिष्ठांची गाय पळवली आणि शाप लागला. हे माहीत नसेल तर तुम्ही भर मंडपात गप्प, आणि समोरचे टाळ्या पिटतायत.

त्यासाठी आजोबांच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या होत्या, हरिविजय, पांडवप्रताप, नवनाथ भक्तिसार. शेतातली लावणी संपली की पावसाळी रात्री ते कंदील घेऊन बसायचे. मी एकदा विचारलं की मला गाणं कधी शिकवणार, तर म्हणाले, "आधी वाच, मंग गा." पण गाताना त्यांनी पोथीतली ओवी जशीच्या तशी म्हटल्याचं मला आठवत नाही. पोथीतून एखादा शाप घ्यायचे, एखादं नाव, एखाद्या बाईचं दुःख, आणि ते आमच्या वाडीच्या बोलीत, कधी कधी सिनेमाच्या चालीवर बसवायचे. ऐकणाऱ्याला पोथी वाचलेली नसली तरी अंगावर काटा यायचा.

डायलनचं तेच आहे. त्याचं १९६२ चं 'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल' घ्या. आई मुलाला विचारते कुठे होतास, काय बघितलंस, काय ऐकलंस, आणि मुलगा सांगत जातो. हा सांगाडा त्याचा नाही, 'लॉर्ड रँडल' नावाचं इंग्लंड-स्कॉटलंडकडचं फार जुनं गीत आहे त्याचा आहे, त्यात कुणीतरी विष घातलेला मुलगा आईच्या प्रश्नांना उत्तरं देतो. डायलनने सवाल तसेच ठेवले आणि जवाब आपल्या काळाचे दिले. स्टॉकहोमच्या नोबेल समारंभात त्याच्या जागी गायिका पॅटी स्मिथने हेच गाणं म्हटलं, मध्येच शब्द विसरली, थांबली, राजासमोर आणि एवढ्या लोकांसमोर माफी मागितली आणि पुन्हा सुरू केलं. तो व्हिडिओ मी जितक्या वेळा बघितला तितक्या वेळा घसा दाटून आलाय.

आता 'मोबी डिक'. हे पुस्तक १८५१ चं, १३५ प्रकरणं, आणि खरं सांगतो, वाचायला जड आहे, मी दोनदा अर्ध्यावर सोडलं. पण आपल्यासारख्या दर्याकाठच्या माणसाला यातलं अर्धं आपोआप कळतं. त्या काळात अमेरिकेत देवमाशाच्या तेलावर दिवे जळायचे, त्यासाठी जहाजं तीन-तीन वर्षं समुद्रावर जायची. मेलव्हिल स्वतः १८४१ मध्ये अशा जहाजावर खलाशी म्हणून गेला होता, त्यामुळे दोर, भाले, चरबी वितळवणं, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. गोष्टीतला तांडेल म्हणजे कॅप्टन एहॅब, त्याचा पाय एका पांढऱ्या देवमाशाने तोडलाय आणि आता त्याला तेलबिल काही नको, तोच एक मासा हवाय. तो डोलकाठीवर सोन्याचं नाणं ठोकतो, जो मासा आधी बघेल त्याचं हे नाणं. खलाशी सगळ्या जगातले, दक्षिण समुद्रातला क्वीक्वेग, आफ्रिकेतला डॅगू, अमेरिकेतला मूळ रहिवासी टॅश्टेगो, आणि फेडल्ला नावाचा एक पारशीसुद्धा. तांडेलाचं डोकं फिरलं की होडीवरच्या सगळ्यांचं काय होतं हे आपल्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. शेवटी जहाज बुडतं, सगळे जातात, आणि गोष्ट सांगणारा इश्माएल एकटा वाचतो तो क्वीक्वेगसाठी बनवलेल्या शवपेटीला धरून.

मध्ये एक सांगायचं राहिलं, आपल्या किनाऱ्यावर देवमाशाच्या उलटीच्या तस्करीच्या बातम्या येतात ना, त्या पदार्थावर या पुस्तकात अख्खं प्रकरण आहे.

डायलन व्याख्यानात म्हणतो की या पुस्तकात सगळ्या जगाच्या पुराणकथा एकत्र केल्यात, बायबल, ग्रीक वीर, इंग्लंडच्या दंतकथा, आणि हिंदू कथाही. हे ऐकून मी पुस्तक तिसऱ्यांदा उघडलं आणि शोधत शोधत ८२ व्या प्रकरणाला आलो. तिथे मेलव्हिल देवमाशाशी संबंध आलेल्या थोर मंडळींची यादी करतो, पर्सियस, सेंट जॉर्ज, हर्क्युलिस, योना, आणि यादीच्या शेवटी विष्णू! वेद समुद्राच्या तळाशी पडले होते, विष्णूने देवमाशाचं रूप घेऊन खाली बुडी मारली आणि ते वर आणले, असं त्याने लिहिलंय. मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. अहो, हा तर मत्स्यावतार! ही तर आमच्या संकासुराची गोष्ट! दशावतारात वेद चोरणारा तो संकासुर, शिमग्याला काळे कपडे, उंच टोपी आणि पांढरी दाढी लावून घुंगरं वाजवत दारात येतो तो. लहानपणी मी त्याला बघून माजघरात पळायचो. ती गोष्ट १८५१ साली अमेरिकेतल्या माणसाने पुस्तकात घातली, ते पुस्तक मिनेसोटातल्या शाळकरी पोराने वाचलं, आणि ते पोरगं पुढे बॉब डायलन झालं. मला हे फार मोठं वाटतं.

मग हे पुस्तक त्याच्या गाण्यात कुठे दिसतं? एक तर उघड उघड दिसतं, १९६५ च्या 'बॉब डायलन्स ११५थ ड्रीम' या गाण्यात जहाजाचा कॅप्टन येतो त्याचं नाव त्याने कॅप्टन अरब केलंय. पण ते वरवरचं. खोलवर गेलंय ते असं की एका गाण्यात बायबलमधला माणूस, सर्कशीतला माणूस, कवी आणि चोर सगळे एकाच जहाजावर चढल्यासारखे शेजारी शेजारी उभे राहतात. 'डेसोलेशन रो' ऐका, त्यात चक्क एझ्रा पाउंड आणि टी. एस. एलियट हे दोन कवी जहाजावर कॅप्टनच्या मनोऱ्यात भांडतायत. अशी मोट बांधायची हिंमत त्याला अशा पुस्तकांनी दिली असं मी समजतो.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. व्याख्यान आल्यावर काही दिवसांतच आंद्रेआ पिट्झर या लेखिकेने दाखवलं की 'मोबी डिक'बद्दलची त्याची डझनाहून जास्त वाक्यं स्पार्कनोट्सशी फार जुळतात. स्पार्कनोट्स म्हणजे आपल्याकडच्या गाईडसारखी वेबसाइट, परीक्षेच्या आदल्या रात्री पोरं वाचतात ती. एक वाक्य तर तो कादंबरीतलं म्हणून सांगतो आणि ते कादंबरीत नाहीच, गाईडमधल्या शब्दांशी मात्र त्याचा मेळ बसतो. याआधी २००३ मध्येही असंच झालं होतं, 'लव्ह अँड थेफ्ट' या त्याच्या अल्बममधल्या काही ओळी जपानी डॉक्टर जुनिची सागा यांच्या एका पुस्तकातून आल्यात असं लक्षात आलं. सागा रागावले नाहीत, त्यांना उलट आनंदच झाला. मला गाण्यातलं उचलणं चालतं, कारण गाण्यात ती ओळ वेगळ्या माणसाच्या तोंडी जाते, वेगळ्या चालीत बसते, तिचं काम बदलतं. पण व्याख्यानातलं मला खुपतं. मी एवढं प्रेम करतो या माणसावर, तरीही. आजोबांच्या मंडपात कुणी दुसऱ्या शाहिराचा जवाब तसाच म्हटला असता तर समोरून लगेच आवाज आला असता, आणि तो यायलाच हवा.

दुसरं पुस्तक, रेमार्कचं. १९२९ चं, पहिल्या महायुद्धाचं. रेमार्कला अठराव्या वर्षी जर्मन सैन्यात घातलं, आघाडीवर तो जखमी झाला. गोष्टीतला पॉल शाळकरी पोरगा आहे, मास्तरांनी देशासाठी जा जा म्हणून सांगितलं आणि अख्खा वर्ग गेला. मग चिखल, उंदीर, गॅस, एकेक मित्र मरत जातो. तो सुट्टीवर घरी येतो तेव्हा आईशीसुद्धा त्याला बोलता येत नाही. शेवटी ऑक्टोबर १९१८ मध्ये तो मरतो, आणि त्या दिवशी आघाडीवर इतकी शांतता असते की लष्कराच्या अहवालात विशेष काही नाही एवढंच लिहितात. १९३३ मध्ये नाझींनी हे पुस्तक जाळलं. डायलन म्हणतो, हे वाचून झाल्यावर मी युद्धाची दुसरी कादंबरी कधी वाचली नाही. त्याचं 'जॉन ब्राउन' नावाचं जुनं गाणं आहे, आई मुलाला अभिमानाने युद्धावर पाठवते, मेडल्स आण म्हणते, तो परत येतो तेव्हा ओळखूही येत नाही, आणि जाताना ती मेडल्स आईच्या हातात टाकतो. मला त्यात पॉलचं घर दिसतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत भिंतीत बसवलेला तो छोटा दगडी फलक असतो ना, १९१४ ते १९१९ च्या लढाईला या गावातून अमुक माणसं गेली आणि त्यातली इतकी परत आली नाहीत, तो मी आता थांबून वाचतो.

'ओडिसी'बद्दल चाकरमान्यांना मी काय सांगू! गोष्टीतला राजा ओडिसियस, त्याची दहा वर्षं लढाई आणि वर दहा वर्षं घरी पोचायला, वाटेत राक्षस, वादळं, मोहात पाडणाऱ्या बाया, आणि घरी पोचला तेव्हा भिकाऱ्याच्या वेषात, घरात परकी माणसं जेवतायत आणि न सांगता आधी ओळखतो तो म्हातारा कुत्रा. वर्षभर कुलूप असलेल्या घराचं दार उघडताना जो वास येतो तो ज्याला माहितीये त्याला हे पुस्तक कळलेलं आहे. डायलन म्हणतो, घराकडे निघालेल्या माणसाची कितीतरी गाणी याच गोष्टीतून आलीत, आणि माझीही. मुळात 'ओडिसी' हे वाचायचं पुस्तक नव्हतंच, गवई ते तंतुवाद्यावर म्हणून दाखवायचे, लिहिलं गेलं नंतर. म्हणजे गाण्याला साहित्याचं बक्षीस कसं, हा वाद जिथून साहित्य सुरू झालं तिथेच सुटलेला आहे.

आणखी एक पुस्तक, जे व्याख्यानात नाही पण ज्याच्याशिवाय डायलन झाला नसता, अमेरिकन लोकगायक वूडी गथ्रीचं आत्मचरित्र 'बाउंड फॉर ग्लोरी', १९४३ चं. डायलनने ते १९६० मध्ये वाचलं आणि वेडाच झाला, गथ्रीसारखं बोलायला लागला, गायला लागला, आणि १९६१ च्या जानेवारीत थेट न्यूयॉर्कला गेला, गथ्री आजारी होता त्याला भेटायला. पुस्तक वाचून घर सोडणारी माणसं कमी असतात.

व्याख्यानाच्या अगदी शेवटी डायलन 'ओडिसी'ची पहिली ओळ म्हणतो, होमर वाग्देवीला हाक मारतो ती, माझ्यातून तू गा आणि गोष्ट सांग अशी. आमच्याकडे याला गण म्हणतात. आधी गणपती, मग शारदा, मग पुढचं सगळं. होमरनेही तो आधीच घातलाय, डायलनने शेवटी घातला.

यंदा शिमग्याला भाचा दोन दिवस आला, पालखी नाचवली, खांदा सुजवून घेतला. रात्री मी त्याला 'मोबी डिक'मधलं ते ८२ वं प्रकरण मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं, फार मोठं नाहीये, दहा-पंधरा मिनिटांत होतं. विष्णूपर्यंत आलो तसा तो उठून बसला.

"मामा, पण यात संकासुर कुठाय?"

"त्याने नाही घातलाय."

त्याने आजोबांची ट्रंक उघडायला लावली, लाल फडकं सोडलं, पोथी उलगडून कंदिलाऐवजी मोबाइलच्या उजेडात बराच वेळ चाळली. मग गिटारची तार जुळवत म्हणाला, "मग तो मी घालतो."